फेकलेल्यातली दहावी वस्तू

"आई, तुम्ही नुसत्या बसून राहा. निवडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे!" जावईबापूंनी बाह्या सरसावल्या.

ते खोटंही नव्हतं. त्यांच्या प्रयोगशाळेत अणूच्याही पोटातले कण सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांवर आदळत. एवढं सगळं साठवायला जागा कुठली? कुठली टक्कर ठेवायची आणि कुठली कायमची सोडून द्यायची, हे पापणी लवायच्या आत ठरवणारी यंत्रणा जावईबापूंनी रचली होती. घर बदलताना तीन खोल्यांचं सामान निवडणं म्हणजे त्यांना किस झाड की पत्ती!

प्रत्येक वस्तूला तीन सेकंद. फुटकं, फाटकं, जुनाट दिसलं की थेट जिन्यात. तिथून कचरेवाला उचलणार.

"अहो, निदान उघडून तरी बघा!" बायको म्हणाली.

"उघडत बसलो तर झालंच! तीन सेकंद म्हणजे तीन सेकंद!"

सासूबाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. अधूनमधून एखादी टाकलेली वस्तू त्या पिशवीत घालत. जुन्या माणसांचा जीव अडकतोच, असं म्हणून जावईबापूंनी तिकडे काणाडोळा केला.

चार वाजता ट्रक भरला. घर लख्ख!

"नव्या घराची किल्ली घेतलीत ना?" बायकोनं विचारलं.

जावईबापूंचा चेहरा खर्रकन उतरला. किल्ली हरवू नये म्हणून काल त्यांनी स्वतःच ती बूटपॉलिशच्या जुन्या डबीत ठेवली होती. आणि आज ती डबी त्यांनीच, दोनच सेकंदांत...

ते जिन्याकडे धावले. जिना रिकामा!

"एकच किल्ली होती हो! घरमालक महिनाभर परगावी!" बायकोचा आवाज चढला.

"पाचला माझी दुसरी फेरी आहे," ट्रकवाला म्हणाला. "दार उघडलं नाही तर सामान रस्त्यावर उतरवून जाईन."

"आई, तुमच्या त्या पिशवीत..." जावईबापू काकुळतीला आले.

"पिशवीत नाही डबी. मी न बघता दर दहावी वस्तू तेवढी ठेवली. मग आत बघितलं तर फुटक्या मगात माझा चष्मा, फाटक्या पाकिटात तुमचा पासपोर्ट! म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा. कचरेवाल्यालाच सांगून सगळा ढीग खालच्या शेजारणीकडे ठेवायला लावला."

डबी ढिगाच्या तळाशी सापडली. आत किल्ली! जावईबापूंना सासूबाईंच्या पायाच पडावंसं वाटलं.

"आई, धन्य आहे तुमची! अहो, हाच आमचा नियम. फेकलेल्यातलं थोडं न निवडता ठेवायचं, म्हणजे चाळणी कुठे चुकते ते कळतं. प्रयोगशाळेत मीच तो सगळ्यांना शिकवतो, आणि घरी विसरलो! तुम्हाला कसा सुचला?"

"अनुभव! हिनं नाकारलेल्या मुलांतलासुद्धा एक मी असाच परत बोलावला होता."

"असं? मग कोण निघाला तो?" जावईबापूंनी हसत विचारलं.

सासूबाईंनी त्यांच्याकडे पुरते तीन सेकंद पाहिलं.

"बसा आता ट्रकमध्ये," त्या म्हणाल्या.