मुंबईची टिकली

भालचंद्ररावांनी दिल्लीत तेवीस वर्षं इलेक्ट्रिकचं दुकान चालवलं ते एकाच तत्त्वावर: वस्तू चालो न चालो, गिऱ्हाइकाच्या हातात ती चकचकीत पडली पाहिजे. (निम्मी गिऱ्हाइकं तेवढ्यावरच खूष होतात. उरलेली परत येतात, तेव्हा त्यांना दुसरं काहीतरी विकता येतं.)

आता घरोघर केबल आली होती आणि भालचंद्ररावही मुनिरक्यातलं भाड्याचं बिऱ्हाड सोडून नोएडाच्या नव्या फ्लॅटात आले होते. सामान लावताना वैजयंतीबाईंच्या हाती त्यांच्या माहेरचा व्हॉल्व्हचा रेडिओ लागला.

"दहा वर्षं मुका आहे मेला. रविवारी कबाडीवाल्याला देऊन टाका."

म्हणाल्या खऱ्या, पण हात काही त्यावरून निघेना. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत, दिवस मावळला की खरखरीतून मुंबई केंद्र लागायचं आणि बाई कान चिकटवून बसायच्या. तशी बसलेली वैजू भालचंद्ररावांना पुन्हा एकदा बघायची होती. नव्या फ्लॅटात सगळं होतं, तेवढीच नव्हती.

"रविवारी संध्याकाळी मुंबई ऐकवतो. नाही लागली तर खुशाल दे," ते बोलून बसले.

रविवारी जेवणं होताच त्यांनी रेडिओचा मागचा पुठ्ठा काढला. रोग समोरच होता: व्हॉल्व्हच्या पायांवर हिरवा गंज. एकेक व्हॉल्व्ह उपटून त्यांनी पाय खोडरबराने घासले, सॉकेटांच्या भोकांतून स्पिरिटची काडी फिरवली. इथे थांबायला हवं होतं. पण हात दुकानदाराचा! पेटी पुसली, बटणं पुसली, आणि आकड्यांच्या काचेवरचा एक लाल डाग नखाने खरवडून काढला.

साडेसहाला बटण फिरवलं. दिवा लागला, व्हॉल्व्ह तापले आणि रेडिओ घसा खाकरून चक्क बोलला! बाई धावत आल्या आणि काच बघून थबकल्या.

"अहो, माझी टिकली?"

"कपाळावर आहे की."

"काचेवरची! नेलपॉलिशने मुंबईची खूण केली होती."

भालचंद्ररावांनी घाईघाईने बटण धरलं. काटा फिरवला, तर जालंधरची गाणी लागली. मग लाहोरच्या बातम्या, मग नुसतीच शिट्टी.

"सरका बघू."

बाईंनी डोळे मिटले, बटण दोन बोटांत धरून जरासं हलवलं. खरखरीतून एक बाई बोलू लागली, "लासलगाव. लाल कांद्याची आवक..."

वैजयंतीबाईंनी कान टेकवला. मान तशीच कलती. केस तेवढे पांढरे. भालचंद्रराव जागचे हलेनात.

"अगं, बाजारभाव ऐकून कोणी रडतं का?"

"गप्प बसा. आमच्या गावचे कांदे आहेत."

भालचंद्ररावांना राहवेना. "पण टिकली नसताना सापडलं कसं तुला?"

"मला कधी लागली टिकली? ती तुमच्यासाठी होती. 'मुंबई लावा' म्हटलं की रोज लाहोर लावून द्यायचात, आणि वर मलाच सांगायचात, आज मुंबईवाले उर्दूत बोलताहेत!"