बेडकांतून काकू वजा

तिरुवान्मियूरला भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा दार उघडणाऱ्या गृहस्थांनी "या" म्हणण्याऐवजी ओठांवर बोट ठेवलं. माझा एक बूट काढून झाला होता, दुसऱ्याची नाडी हातात होती. तसाच वाकून उभा राहिलो. गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. आत कुठेतरी पाल चुकचुकत होती. ती थांबली तसे त्यांनी डोळे उघडले आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "बेष! आतां या. ऐकूलालों होतों."

"ऐकूलालों" म्हणजे आपलं "ऐकतोय". ही तंजावुरी मराठी. पुढं त्या घरात राहिलो तेवढी वर्षं हा शब्द मी रोज ऐकला, आणि एक वेळ सोडली तर प्रत्येक वेळी त्याचा अर्थ "तोंड बंद ठेवा" असाच होता.

चेन्नईतले घरमालक आधी मांसमच्छीची चौकशी करतात. या सेतुमाधवरावांनी मला विचारलं, "घोरतां कां? चपला फटफट वाजतात कां?" मग मला जिन्यावरून वरखाली चालायला लावलं. माझं चालणं पसंत पडलं. त्यातून मी साताऱ्याचा म्हटल्यावर तर ते उठून उभेच राहिले. "अरे, म्हणजे आमच्या गांवचे!" यांचे पूर्वज मराठा राजांबरोबर तंजावूरला आले त्याला तीनेकशे वर्षं होऊन गेली. यांनी सातारा नकाशातसुद्धा बघितला नसावा. पण "तिकडे अस्के बेष आहेत नां?" हे त्यांनी असं विचारलं, की जणू गेल्या आठवड्यातच ते तिथून निघाले असावेत. मीही "हो, सगळे मजेत आहेत" असं सांगून टाकलं. त्या दिवसापासून मी सातारकर आणि ते सेतुकाका.

सेतुकाका जॉर्ज टाउनमध्ये एका मालवाहतूक कंपनीत हेडक्लार्क होते. टेबल खिडकीपाशी, आणि खिडकीखाली बंदराकडे जाणाऱ्या लॉऱ्यांची रांग. त्या हॉर्नांनी त्यांचा उजवा कान नोकरीतच खाल्ला. निवृत्त झाल्यावर सिंगापूरच्या मुलीनं त्यांना एक छोटा रेकॉर्डर आणून दिला. "माणसांचें ऐकून झालें, आतां उरलेल्यांचें ऐकतों," असं म्हणून काकांनी उरलेल्या डाव्या कानाचं आयुष्य पक्षी, पानं, समुद्र आणि बेडूक यांच्या नावावर करून टाकलं.

दुरून येणारा बारीक आवाज पकडायला त्यांनी एक यंत्र केलं होतं. बायकोचं, म्हणजे रुक्माकाकूंचं, भात वाढायचं स्टीलचं घमेलं, त्याच्या मधोमध बांधलेला माइक आणि धरायला मोडक्या छत्रीचा दांडा. हे घेऊन ते समुद्रकाठी उभे राहिले, की फिरायला आलेली माणसं त्यांना वळसा घालून जात. रुक्माकाकू मात्र दर सणाला घरभर ते घमेलं शोधत.

काका नुसते आवाज गोळा करून थांबत नसत, त्यांची "रचना" करत. पल्लिकरणैच्या पाणथळीतले पक्षी, ओहोटीला वाळूत मुरणारं पाणी, वडाची सळसळ हे सगळं कॉम्प्युटरवर एकापुढे एक जोडत. अट एकच, त्यात माणूस नको. डिसेंबर-जानेवारीतल्या मार्गळी महिन्यात सगळं शहर गाण्याच्या सभांना जात असताना काकांनी गच्चीवर आपली सभा लावली आणि गल्लीला बेडकांची रचना ऐकवली. बेडूक सुरू होताच पहिल्या खुर्चीवरचे निवृत्त बँकवाले मांडीवर ताल धरू लागले. शेजारचे म्हणाले, मिश्र चापू. पलीकडच्या मामी म्हणाल्या, छे, खंड चापू. वाद एवढा पेटला की बेडूक ऐकूच येईनात. "बेडकाला ताल कशाला हो लावतां!" म्हणून काका कळवळले. शेवटी टाळ्या पडल्या, पण त्या काकूंच्या गरम बोंड्यांना.

काकांची खरी अडचण काकू होत्या. काकू बोलत. जात्यातून पीठ पडावं तशा बोलत. काकांच्या प्रत्येक सुंदर रेकॉर्डिंगमध्ये काकू होत्या. कोकीळ टिपेला पोचली की मागून, "हो, कॉफी निवूलाली!" पहाटेची शांतता पसरली की, "नारळवाला मला फसवला हो!" त्या बोलू लागल्या की काका हात वर करून ओरडत, "गप्प! ऐकूलालों!" सिरुसेरीच्या आयटी पार्कातून कंपनीच्या बसनं मी घरी आलो, की काका खालच्या पायरीवर वाट बघत असत. "सातारकर, जरा काकूला कापायचें आहे." मग आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसून काकूंना बेडकांमधून अलगद कापून काढत असू. आतून काकू आम्हां दोघांना चकलीसारखे मुरुक्कू आणून देत, आणि तेव्हाही बोलतच असत.

त्या वर्षी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, जिथं दर पावसात बेडूक ओरडत, बिल्डरची पाटी लागली. इमारत उभी राहणार म्हणजे बेडकांचा हा शेवटचा हंगाम. काकांनी महिनाभर आधी घमेलं घासूनपुसून ठेवलं. दीपावली आली. फटाके म्हणजे काकांना यमदूत. पहाटे अंगाला तेल लावतानाच त्याच तेलात बुडवलेला कापूस ते डाव्या कानात कोंबत, वर मफलर गुंडाळत आणि फटाके संपेपर्यंत देवघरात बसून राहत.

दीपावली झाली, पाऊस पडला, प्लॉटमध्ये तळं साचलं, बेडूक ओरडू लागले. काका काही बाहेर आले नाहीत. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, कुणी दटावलं नाही. मी मुद्दाम चपला फटफटत जिना चढलो, तरी खालून "श्श!" आलं नाही.

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. डोळे भरलेले. "सातारकर, दीपावलीपासून हे मला एकदां गप्प म्हणाले नाहींत. कांहीं तरी झालें हो!"

मी त्यांना धीर देतोय तेवढ्यात काकाच आत आले, हातात घमेलं. मला वाटलं, बेडकांकडे निघाले. पण त्यांनी ते काकूंच्या तोंडासमोर धरलं. जन्मात कधी न थांबलेल्या काकू माइक बघून एकदम ताठ झाल्या, पदर सारखा केला आणि रेडिओवरच्या बातम्यांसारख्या शुद्ध तमिळमध्ये डोशाची कृती सांगू लागल्या. काका हात हलवत राहिले. "असें नको. नेहमीसारखें बोल. रागें भर!"

संध्याकाळी काकू मरुंदीश्वराच्या देवळात गेल्या तेव्हा काकांनी मला गच्चीवर नेलं आणि कानात गुपित सांगावं तसं, पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "डावाही गेला, सातारकर!"

त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडलो, "डॉक्टरकडे चला!"

"डॉक्टर 'गेला' म्हणाला कीं मग कान गेला. तोंवर आहे." पुढं म्हणाले, "वडिलांचें असेंच झालें. आई बोलायची, ते हसायचे. कांहीं न कळतां हसायचे." मग प्लॉटकडे बघत त्यांनी विचारलं, "आपण काकूला कापतों, ते तुकडे कोठें जातात? परत मिळतात कां?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी मान डोलावली. मी मूर्खासारखा पुन्हा त्यांच्या कानाशी ओरडलो, "पण काका, कानच गेले तर काकूंचं रेकॉर्डिंग ऐकणार कसं?"

"पुन्हा ऐकायला कोण घेतो? घमेलें धरलें कीं मनुष्य नीट ऐकतो. इतकीं वर्षें मी तें बेडकांकडे धरलों. आतां जें काय थोडें येतें, तें पाठ करूलालों."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना जवळजवळ उचलूनच रिक्षात घातलं. टी. नगरमध्ये एका साड्यांच्या दुकानाच्या वर कानाचा डॉक्टर होता. काकांनी माझा हात घट्ट धरला होता. डॉक्टरनं डाव्या कानात दिवा लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग तमिळमध्ये शांतपणे मला विचारलं, "दीपावलीला या मामांनी तेल लावून आंघोळ केली होती का?"

मी हो म्हटलं. डॉक्टरनं चिमटा आत घातला आणि फुगलेला, काळपट कापसाचा बोळा बाहेर काढला. खोलीभर तिळाच्या तेलाचा वास सुटला. बाहेर दिसणारा कापूस काकांनी काढून टाकला होता, पण आतला तुकडा तिथंच राहून गेला होता.

मी खुर्चीत बसलो आणि हसत सुटलो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. काका मात्र हसले नाहीत. ते डोळे मिटून छतावरच्या पंख्याची कुरकुर ऐकत होते. खाली रस्त्यावर उतरताच एका बसनं काळजात धस्स होईल असा हॉर्न दिला, आणि हॉर्नांचा हा जन्माचा वैरी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाला, "बेष!"

घरी आम्ही सगळं सांगून टाकलं. काकू आधी रडल्या, मग देवाला साखर ठेवली आणि मग सुरू झाल्या. कापूस, तेल, मफलर, सासरे, अस्कें निघालं. काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर घमेलं मांडीवर घेऊन बसले होते. इतक्यात प्लॉटमधून बेडूक ओरडू लागले. एक, मग दुसरा, मग सगळं तळंच. काकूंनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. "अय्यो! पुढच्या वर्षीं हे असणार नाहींत. जा हो, रेकॉर्ड करा. मी गप्प बसतें."

काका हलले नाहीत. रेकॉर्डरचं बटण त्यांनी तिथंच बसून दाबलं. "ते ओरडूं दे," ते म्हणाले. "तूं कां थांबलीस? बोल. ऐकूलालों."

काकूंनी पदरानं नाक पुसलं. "तेल कोठलें घातलांत हो कानांत? घाण्याचें कीं पाकिटांतलें?" आणि तिथून जे सुरू झालं, ते मी चपला हातात घेऊन जिना चढलो तरी चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरलो तर काका खालच्या पायरीवर हजर. आम्ही कॉम्प्युटर लावला. बेडूक भरात होते आणि त्यांच्यावर काकू.

"काय कापायचं?" मी सवयीनं विचारलं.

काका डावा कान पुढे करून थोडा वेळ ऐकत राहिले.

"बेडूक जरा कमी करा, सातारकर," ते म्हणाले. "तिचें नीट ऐकूं येत नाहीं."