विस्थापन सिद्ध करण्याबाबत

चित्रकर्तीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता : ‘अर्जदार स्थिरस्थावर आढळते. सबब अपात्र.’

अर्ज कलाभवनाच्या मोठ्या दालनासाठी होता. ‘मुळं तुटलेल्या कलावंतांना प्राधान्य’ अशी योजनाच निघाली होती. बारा वर्षं ती गाव सुटल्याचीच चित्रं काढत होती. पलंगाखाली आता चप्पल सरकवायला जागा नव्हती. दालन हुकलं तर ती चित्रं तिथेच कुजणार, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

“साहेब, आम्ही मूळचे इथले नाही हो,” ती काकुळतीला आली.

“मान्य,” पडताळणी अधिकारी म्हणाले. “पण मी घरी आलो तेव्हा तुमच्या मातोश्री काय म्हणाल्या? इथं बरं आहे, नळाला पाणी येतं, शेजारीण लाखात एक आहे! आता वेदनेच्या रकान्यात काय भरू, नळ?”

“वेदना माझी आहे ना.”

“वेदना कौटुंबिक धरतात. नियम सात.”

तिने घरी येऊन आईला समजावलं. आई बघतच राहिली. “घर सोडायचं? अगं, सगळं सुरळीत चाललंय की आपलं!”

“तिथेच तर घोडं पेंड खातंय! प्रदर्शनापुरतंच गं आई. माझ्यासाठी एवढं नाही करणार?”

आईने केलं. त्यांची तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची जागा आठवड्यात दुसऱ्या कुटुंबाला गेली आणि मायलेकी मावसबहिणीच्या जिन्याखाली ट्रंका मांडून राहू लागल्या. मावसबहीण रोज विचारायची, “अजून किती दिवस?”

अधिकारी पुन्हा आले. “काकू, काय वाटतं?”

“मला घरी जायचंय,” आई म्हणाली. “तिसऱ्या मजल्यावर.”

‘मूळ भूमीची ओढ : तीव्र,’ अधिकाऱ्यांनी लिहिलं. मजल्याला रकाना नव्हता. जाताना त्यांनी चित्रकर्तीचं अभिनंदन केलं, तेही अगदी मनापासून.

दालन मिळालं. पण संचालकांनी चित्रं पाहून नाक मुरडलं. “चित्रं काय, सगळेच काढतात हो. खरी कलाकृती या आहेत!” त्यांनी आईकडे बोट दाखवलं. चित्रं गोदामात गेली. आईला दालनाच्या मधोमध ट्रंकेवर बसवलं आणि शेजारी पाटी लावली : ‘कृपया स्पर्श करू नये.’

उद्घाटनाला ही गर्दी लोटली! आई दिसेल त्याला हात जोडून विचारत होती, “अहो, मला कुणी घरी सोडता का?” चित्रकर्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आईला उठवायला धावली, तर रक्षकाने तिला अडवलं. “बाई, कलाकृतीला हात लावायचा नाही.”

तुम्हीही होतात की तिथे. आईने तुमच्यापुढेही हात जोडले. तुमचे डोळे भरून आले, खोटं कशाला बोला, आम्ही पाहिलं. मग तुम्ही अभिप्रायाच्या वहीत ‘अंतर्मुख करणारा अनुभव’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलंत, घरी गेलात, आणि आतून कडी लावलीत.