पानं कुजण्यास सक्त मनाई

इंग्लंडातल्या ब्रॅकनेलची एक कंपनी विमानाची तिकिटं विकते. त्या विमानांचा धूर कुठेतरी जिरवायला हवा, म्हणून तिने वेल्समधलं चाळीस एकरांचं वर्षावन विकत घेतलं. थंड, सदा ठिबकणारं, खोडाखोडावर शेवाळ. ऑक्टोबरात ओकची पानं गळली तेव्हा कंपनीने ती मोजून घेतली. एकोणीस लाख. मार्चमध्ये पुन्हा मोजली, तर जेमतेम दोन लाख भरली. सतरा लाख पानांची तूट ही गंभीर बाब असल्याने चौकशी अधिकारी म्हणून विक्रांतची नेमणूक झाली.

विक्रांतचा जन्म इकडचाच, इंग्लंडातला. मराठी आईशी बोलण्यापुरतं. जंगलाची राखण करणाऱ्या मनीषामावशी दिसल्यावर त्याला हायसं वाटलं.

"मावशी, सगळा पान कुठे गेला?"

"कुजली रे बाळा."

"कोणी कुजवली?"

"बुरशीनं. गांडुळांनी. पावसानं."

"त्यांच्याकडे परमिट होता?"

मावशींनी त्याला ओंडक्यावर बसवलं आणि फ्लास्कमधला चहा दिला. "हे बघ, पान कुजलं की त्यातला नायट्रोजन मातीत उतरतो. मुळं तो उचलतात, वसंतात त्याचीच नवी पानं होतात. झाड आपलंच उष्टं खाऊन जगतं. पण आता हिवाळे उबदार झालेत. मुळं झोपलेली असतानाच पानं कुजतात, आणि वाढलेलं ताट पाऊस ओढ्यात ओतून देतो. एवढं लिही तुझ्या रिपोर्टात."

विक्रांतने लिहिलं, 'लीकेज.'

कंपनीने तातडीने पावलं उचलली. पुढच्या शरदापासून झाडांखाली जाळ्या लागल्या. प्रत्येक पान टिपून, सुकवून, बारकोड चिकटवून मिल्टन कीन्सच्या गोदामात अठरा अंशांवर ठेवण्यात येऊ लागलं. कुजण्याचं प्रमाण शून्यावर आलं. विक्रांतला बढती मिळाली.

दोन वर्षांत ओक पिवळे पडले. डॅशबोर्डवर पिवळा म्हणजे 'प्रगती सुरू आहे', त्यामुळे कुणी घाबरलं नाही. मावशींनी फारच धोशा लावला तेव्हा खताची पोती आली. निम्मं खत पहिल्याच पावसात ओढ्याला मिळालं. उरलेल्याने खोडांवरची दगडफुलं, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची ही इथली भावंडं, जळून गेली. दगडफुलं मालमत्तेच्या यादीत नव्हती. नुकसान : निरंक.

ओढ्याकाठी तीनशे वर्षांचा एक ओक होता. त्याला यंदा अर्ध्याच फांद्यांवर पालवी आली.

"विक्रांत, त्या म्हाताऱ्याला निदान चार पोती पानं परत दे रे. नाहीतर पुढचा वसंत काही तो बघत नाही."

"मावशी, मला पण वाईट वाटते. पण पान आपला नाही ना! एकेक पान एकेका पॅसेंजरच्या नावावर आहे. त्यांचा कन्सेंट पाहिजे."

"मग माग की!"

त्याने मागितला. पोरगा मनाने चांगला. त्या ओकची पानं ज्यांच्या नावावर होती त्या चाळीस हजार प्रवाशांना मेल गेली : 'आपलं पान कुजू द्यावं काय? होय / नाही.'

'नाही' असं एकानेही कळवलं नाही. 'होय' म्हणणारे सहा निघाले. त्यांची सहा पानं रजिस्टर पोस्टाने आली. मावशींनी ती ओकच्या मुळाशी ठेवली आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर एक दगड ठेवला.

बाकीच्यांना शुक्रवारपर्यंत मुदत आहे. गेल्या डिसेंबरात पुण्याला जाताना 'माझा धूर जंगलात जिरवा' या चौकोनात खूण केली होतीत ना? त्यानंतर विमानात छान झोपही लागली होती. तुमची मेल जंकमध्ये आहे. सोफ्याच्या सेलच्या जाहिरातीखाली.