तयारीचा रकाना

बशीत ओतलेल्या चहावर साय धरायला लागली, की आधी कडेला बारीक सुरकुती पडते आणि मग ती मध्याकडे सरकते. हे मी इतकं बारकाईने पाहिलं, कारण त्या वेळी मान वर करायची माझी हिंमत नव्हती.

बशी उत्तमरावांची होती. ते आणि निर्मलाबाई कनेरगाव नाक्याहून आमचं घर बघायला आले होते. त्यांच्या सृष्टीला माझा धाकटा भाऊ शिवहार पसंत होता, शिवहारलाही ती पसंत होती. घर बघून होकार देणं तेवढं उरलं होतं, आणि तोही जवळजवळ आलाच होता. मग उत्तमरावांनी मला विचारलं, की ताई, तुमी काय करता?

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय. पुण्याच्या एका संस्थेसाठी घरी बसून विकसित देशांतल्या तरुणांची बेरोजगारी मोजते. स्पेन, इटली, जपान इथले आकडे एकमेकांशी ताडून पाहते. एरवी मी फार बोलत नाही, पण हा विषय निघाला की मला पंख फुटतात! जगातला कुठलाही तरुण दोन प्रश्नांत योग्य रकान्यात बसवून दाखवते, असं मी सांगून टाकलं.

"मंग आमच्या जावायाला बसवा की," उत्तमराव हसून म्हणाले.

जावई हा शब्द ऐकताच आई साखर काढायला आत गेलीसुद्धा.

आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यात 'पोरगं तयारी करून राहिलंय' म्हटलं, की पुढे कुणी काही विचारत नाही. कशाची तयारी, कधीपासून, हे विचारणं बरं दिसत नाही. शिवहारची सरकारी भरतीची तयारी कैक वर्षं चालू होती. माझ्या तक्त्यात मात्र तयारीला रकानाच नाही.

पहिला प्रश्न सोपा होता. गेल्या आठवड्यात कमाईसाठी निदान तासभर काम केलं का? तेवढं पुरतं. मला वाटलं, भाऊ अलगद रोजगारवाल्यांत जाईल. तो घरामागे शेळ्या पाळतो, आखाडा बाळापूरच्या बाजारात बोकड विकतो. शिवहारने तोंड उघडलं, तेवढ्यात आमचे वडील, बापू, म्हणाले, की त्याला पुस्तकातून डोकं काढायलाबी फुरसत न्हाई. बापूंनी शेळ्या सकाळीच शेजारच्या गोठ्यात का नेऊन बांधल्या, ते मला तेव्हा कळलं.

तिथे मी थांबायला हवं होतं. मी दुसरा प्रश्न विचारला. गेल्या महिन्याभरात काम शोधलं का?

"काहून शोधील?" बापू अभिमानाने म्हणाले. "त्यो तयारी करून राहिला."

"मग तो बेरोजगारसुद्धा नाही," मी म्हणाले. "काम न शोधणाऱ्याला त्यात धरत नाहीत."

"मंग कशात धरतेत?" उत्तमरावांनी विचारलं.

"बाहेर. म्हातारी, आजारी माणसं असतात ना, त्यांच्यासोबत."

निर्मलाबाईंनी पदर सावरला आणि पोराला तकलीफ नेमकी कसली आहे, ते विचारलं. मी घाईघाईने सांगितलं, की आजार काहीच नाही. उलट शिवहार माझ्या मोजणीतच येत नाही, कारण त्या देशांत तरुण म्हणजे पंधरा ते चोवीस आणि हा तर सत्तावीसचा.

बापूंनी त्यांना पंचवीस सांगितलं होतं.

"म्हंजे पोरगं तरुणबी न्हाई," निर्मलाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

तेव्हापासून ती बशी तशीच होती. आई साखरेची वाटी घेऊन दारातच थांबली. बाजारात ऐन सौद्याच्या वेळी लंगडलेल्या बोकडाकडे बघावं, तसे बापू माझ्याकडे बघत होते.

मला खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटत होती. उत्तर ज्याचं त्यानेच द्यावं. घरच्यांनी दिलं तर आकडा चुकू शकतो. परक्या देशांच्या तक्त्याखाली ही टीप मी स्वतः लिहिते. आणि सख्ख्या भावाला मी एक शब्द बोलू दिला नव्हता.

"शिवहार, तूच सांग," मी पुटपुटले.

तो बापूंकडे वळला.

"बापू, मी आता परीक्षा देणार न्हाई," तो म्हणाला. "शेळ्याच वाढवणार. सृष्टीला कवाच सांगितलंय, तिला चालतंय. तुमालाच सांगायचं राहिलं होतं."