खाली ठेवलेली कॉफी

सार्वजनिक आरोग्य विभागातले सगळे ॲशट्रे त्या सकाळी कपाटात गेले आणि कपाटातला साबण बेसिनवर आला. मान्यता-समिती येणार होती. विभागप्रमुख डॉ. मिथ्काल स्वतः खोल्याखोल्यांतून फिरून भिंतीवरचे तक्ते सरळ करत होते.

मान्यता मिळवणं एक वेळ सोपं, टिकवणं कर्मकठीण. दर पाच वर्षांनी आपणच आपला भलामोठा अहवाल लिहायचा, आणि मग परदेशी पाहुणे येऊन त्यातलं खरं किती ते बघणार. मान्यता गेली, तर इथल्या पोरांची पदवी दवाखान्यात कुणी विचारणार नाही. या उन्हाळ्यात डॉक्टर निवृत्त होणार होते. जाताना मान्यता घालवून गेलेला माणूस म्हणून त्यांना जायचं नव्हतं.

अहवाल तसा झकास होता. फक्त ‘समाजाशी नातं’ या कलमाखाली लिहिलं होतं, की विद्यार्थी दर महिन्याला उम्म-सिद्र गावात जाऊन लोकांची साखर तपासतात. गेले होते, नाही असं नाही. एकदा गेले होते. यंत्राच्या पट्ट्या ऑफिसातच विसरल्या होत्या, पण फोटोत पट्ट्या थोड्याच दिसतात? फोटो काढले, गावाने रांधलेल्या मटण-भाताच्या मनसफवर आडवा हात मारला आणि परतले. पुढच्या महिन्यापासून नीट सुरू करू, असं डॉक्टर अगदी मनापासून म्हणाले होते. तो पुढचा महिना काही उजाडला नाही.

समिती गावकऱ्यांना एकांतात भेटणार होती. विभागाचं कुणी खोलीत नको, दुभाष्यासुद्धा समितीचाच. मग डॉक्टरांनी गावातून आपल्या सख्ख्या मामाला, हाजी फल्लाहना बोलावून घेतलं.

“मामा, काय सांगायचं?”

“दर महिन्याला येतात. पोरं गुणी आहेत.”

“आणि?”

“आणि तू माझा भाचा आहेस हे सांगायचं नाही. अरे, किती घोकून घेशील? परीक्षा तुझी की माझी?”

मामा आपली पितळी किटली घेऊन आत गेले. कॉफी मी माझ्या हातानं पाजणार, म्हणाले. डॉक्टरांनी पाहुण्यांना आगाऊ सगळं कळवलं होतं, थंडीपासून टॅक्सीपर्यंत. कॉफीचं तेवढं कळवलं नव्हतं. कॉफी प्यायला कोण कुणाला शिकवतं?

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मामा छाती पुढे काढून बाहेर आले.

“फत्ते, भाच्या! तुझ्या पाहुणीची इच्छा पुरी केली!”

“कसली इच्छा?”

“ती म्हातारी प्रोफेसर, लेह्तोबाई. मी कॉफी ओतली, तिनं कप घेतला आणि न पिता खाली ठेवला!”

पाहुण्याने कप न पिता खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचंय, हे इथे शेळ्या राखणाराही जाणतो. मग यजमानाने ‘पी, दिलं’ म्हणायचं. एकदा म्हटलं, की पाहुण्याने लेक मागितली तरी माघार नाही.

“तुम्ही काय म्हणालात, मामा?”

“काय म्हणणार? पी बाई, मागशील ते दिलं! ती आधी गोंधळली. मग म्हणाली, मला खरं तेवढं सांगा. पोरं किती वेळा आली?”

“आणि तुम्ही सांगितलंत?”

“एकदा, म्हणालो. शब्द दिला होता ना!”

“अहो, शब्द तर मलाही दिला होतात!”

“तू कुठे कप खाली ठेवलास? तू तर दोन कप ढोसलेस.”

संध्याकाळी निरोप घेताना लेह्तोबाई डॉक्टरांना म्हणाल्या, “त्या आजोबांच्या कॉफीचा काय छान वास होता! पण मला पित्ताचा त्रास, म्हणून कप बाजूला ठेवला. तर तेच म्हणाले, काय हवं ते मागा. मला तर सुचेचना. मग जे मनात होतं तेच विचारलं.”

डॉक्टर हसले. दुसरं काय करणार?

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मान्यता वर्षभर रोखून धरली होती. तक्रार असेल तर महिन्याभरात पुरावा द्या. डॉक्टरांच्या डोक्यात लगेच आलं: वयामुळे विसरलो, पोरं दर महिन्याला येत होती, एवढं मामाने लिहून दिलं की झालं. शुक्रवारची नमाज आटोपून ते गावी निघाले. किती वर्षांनी, हे त्यांना नीट आठवेना, आणि तेच जास्त लागलं.

मामाने कॉफी ओतली. डॉक्टरांनी कप घेतला आणि न पिता खाली ठेवला.

मामाचा चेहरा उतरला. भाचा काय मागणार, हे न कळायला ते दूधखुळे नव्हते. तरी म्हणाले, “पी, बाबा. दिलं.”

आता नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं. पण डॉक्टरांची नजर खाली गेली. मामाच्या एका पायात बूट होता, दुसऱ्याला फडकं गुंडाळलेलं.

“पायाला काय झालं?”

“ठेच लागली रे. रमजानपासून भरतच नाही. तुझ्याकडे आलो तेव्हा बुटात लपवली होती.”

“मग साखर नाही तपासली?”

“तपासली की, तुझ्याच पोरांनी! तुझ्या त्या अहवालात माझा फोटो आहे, खाली छापलंय, साखर नॉर्मल. शेजारच्या पोरीनं फोनवर काढून वाचून दाखवलं. तेव्हापासून रोज जेवणावर कुनाफा खातो, पाकात बुडवून. भाचा एवढा मोठा डॉक्टर, मग घाबरायचं कशाला?”

ते ‘नॉर्मल’ डॉक्टरांनीच लिहिलं होतं. फोटोखाली काहीतरी हवं म्हणून. त्यांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

“बोल ना,” मामा म्हणाले. “काय मागायचंय?”

“गाडीत बसा, मामा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं.”

“एवढंच? अरे मेल्या, मला वाटलं, खोटं बोलायला सांगतोस. बोललोही असतो रे. शब्द दिला होता.”

डॉक्टरांनी गार झालेली कॉफी एका घोटात संपवली आणि मामाची काठी शोधायला उठले.