निवृत्तीआण्णांची पुरवणी

आमच्या निवृत्तीआण्णांना "किती वाजले?" असं घाईत कधी विचारू नये. "साडेदहा," ते म्हणायचे, पण तेवढ्यावर थांबतील तर ते आण्णा कसले! "आन् जादा माहिती म्हंजी, कुर्डुवाडीची गाडी आज येत न्हाय. डायवरचं पोट बिघडलंय. काल लग्नात बुंदी लई हाणली त्यानं."

आण्णा परंड्याजवळच्या आमच्या गावात सोसायटीचे सेक्रेटरी. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. सभेत चेअरमननं अहवाल वाचला की आण्णा उठायचे आणि जादा माहिती म्हणून, खताची पोती चेअरमनच्या मेव्हण्याच्या कोठ्यात कशी गेली तेही सांगून मोकळे व्हायचे. चेअरमन चिडायचे, गाव हसायचं.

आण्णांचं लग्नसुद्धा या जादा माहितीतच बुडालं. मुलीच्या बापानं विचारलं, "घरी कोण कोण असतं?" आण्णा म्हणाले, "म्हातारी आई. जादा माहिती म्हंजी, तिचं कुणाशीच पटत न्हाय. मी लई घोरतो. आन् आमच्या हिरीचं पाणी मचूळ हाय." पोह्यांच्या बशा यायच्या आत आण्णांचीच पाठवणी झाली. पुढं म्हातारी गेली. आण्णा एकटेच राहिले.

बहात्तरच्या त्या मोठ्या दुष्काळात मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होते. बाप माझ्या लहानपणीच गेलेला. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची, शाळा बुडवून मीही तिच्याशेजारी बसायचे. पास झाले, पण मार्क बेताचे. ते बघून मामानं लगेच तेरखेड्याचं स्थळ आणलं. "कालेज मिळालं तर शिक, न्हाय तर तुळशीचं लगीन झालं की तुझं," असा त्याचा हुकूम. मला तर रडूच फुटलं.

कॉलेजचा अर्ज मीच भरला. शेवटी एक रकाना होता, 'अधिक माहिती (असल्यास)'. आमच्या गुरुजींची शिकवण अशी, की मोकळा रकाना दिसला की आडवी रेघ मारायची. मी पट्टी धरून झकास रेघ मारली आणि साक्षीदाराच्या सहीसाठी अर्ज आण्णांकडं नेला.

रेघ बघून आण्णा असे ओरडले, की आई पीठ मळता मळता पळत आली. "आगं, सबंध अर्जात कामाचा रकाना एवढाच! तिथंच रेघ मारलीस व्हय?"

आता खाडाखोड चालणार नव्हती. आण्णांनी परीक्षेत जोडतात तशी पुरवणी काढली आणि सांगायला बसले. आमची शेळी मेली, हीर आटली, कडबा मिळंना.

"आण्णा, शेळीचं कॉलेजाला काय करायचंय?"

"मग तू सांग. खडी फोडता फोडता अभ्यास कसा केलास?"

"मोठ्यानं म्हणत. सगळ्या रांगेच्या बायकांना पानिपतच्या पराभवाची कारणं पाठ झाली. मी एखादं विसरले की सरूमावशी ओरडायची, आगं, धान्य संपलं ते ऱ्हायलं की!"

आण्णांनी मांडीवर थाप मारली. "हेच लिही!"

"मी न्हाय लिहिणार. खडी फोडणारी म्हणून हसतील."

"हसू देत. मी लिही म्हणतो न्हवं!"

मी नाक मुरडत लिहिलं. आण्णांनी पुरवणी दोऱ्यानं अर्जाला बांधली आणि अशी गाठ मारली, की बैलालाही हिसडा मारून सुटली नसती.

मुलाखतीला आईला कामावरून सुटी मिळेना, म्हणून आण्णा आले. प्रिन्सिपॉलसाहेबांनी आधी मार्क बघितले आणि कपाळाला आठी घातली. मग ते पुरवणी वाचायला लागले. वाचता वाचता चष्मा काढून खो खो हसले. झालं, तेरखेडा नशिबी आलं, असं मी मनात म्हणाले.

"सांग बरं कारणं," साहेब म्हणाले.

मी धडाधडा सुरू केलं. बोलता बोलता हात आपोआप हातोडीसारखा हलायला लागला. साहेबांचं हसणं थांबलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, आणि अर्जावर सही ठोकली. "हॉस्टेलमध्येही जागा द्या हिला," क्लार्कला म्हणाले. "जी पोरगी अख्ख्या रांगेला शिकवते, तिला वर्गाबाहेर कसं ठेवायचं?"

बाहेर आल्याबरोबर आण्णांनी टोपी उडवली! भर रस्त्यात! पेढे घेतले आणि परंड्याच्या गाडीत एकूण एक माणसाला वाटले. शेवटचे दोन कंडक्टरच्या हातावर ठेवले.

कंडक्टर म्हणाला, "पोरगी का तुमची?"

मला वाटलं, आता शेजारीपाजारी, भिंत, सोसायटी, सगळं निघणार. आण्णा नुसतं "व्हय" म्हणाले आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

पण मीही काही कमी नव्हते. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं मी ओरडले, "कंडक्टरसाहेब, त्यातला एक आमच्या बापाला द्या! सगळ्यांना वाटून सवता उपाशीच बसलाय!"

कंडक्टरनं पेढा दिला. आण्णांनी तो घेतला, आणि गावाची शीव येईपर्यंत नुसता हातात धरून ठेवला.